घाटात वाजलेली घंटी

उस्मानपुऱ्यात पंक्चरच्या दुकानावरून जाताना सोल्युशनचा वास आला, की मला अजूनही मागून सायकलची घंटी ऐकू येते.

आम्ही सहा दोस्त सायकलींवर अजिंठ्याची लेणी बघायला निघालो होतो. पंप आणि सोल्युशन ज्याच्याकडं, त्यानं सगळ्यांच्या मागं राहायचं, हा आमचा नियम. त्या दिवशी ते माझ्याकडं होतं. सलीम सकाळपासून चिडवत होता, "पंपवाले मामू, तुम्ही मागंच बरे दिसता!"

घाटाच्या तोंडाशी त्याच्याच पुढच्या चाकातली हवा गेली. "अरे थांब, पंप दे!" तो ओरडला. जरा तंगवू याला, असं मनात म्हणत मी उतारावर सायकल सोडली. तापलेल्या डांबराच्या वासात त्याची घंटी बराच वेळ वाजत राहिली.

सलीम बसक्या चाकावर तसाच घाट उतरला. वळणावर पडला, तो उठलाच नाही.

"बेटा, तू तर सगळ्यात मागं होता ना?" त्याच्या अम्मींनी विचारलं.

"सलीमच म्हणाला, तू हो पुढं."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आता त्याही नाहीत.

अम्मी, तो थांब म्हणाला होता. मी ऐकलं होतं.