गेमच्या डब्यातलं गुणगुणणं

या पानावर लोक जे लिहितात ते मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचलं. खोटं कशाला बोलू? कुणाला चिंचेखाली बाई दिसली, कुणाच्या बंद रेडिओतून रडणं ऐकू आलं... वाचलं की मी मनात म्हणायचो, बाबा रे, आधी अर्थिंग तपास. माझा धंदाच आवाजाचा. तीस वर्षं इकडच्या, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड देतो. दिवाळी झाली की हंगाम सुरू, होळीपर्यंत गावोगाव. उरलेले महिने ब्रह्मपुरीत घराला लागून असलेल्या खोलीत अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. एकदा आरमोरीकडे एका घरी स्पीकरमधून माणसं बोलतात म्हणून मला बोलावून नेलं. त्यांनी लिंबू-मिरची सगळं करून ठेवलं होतं. मी एक सैल वायर घट्ट केली आणि चहा पिऊन घरी आलो.

म्हणजे मी कसा माणूस आहे ते कळलं असेल. आता जे सांगतो त्यात माझी अक्कल संपली, म्हणून सांगतो.

माझी बायको शालू. अंगणवाडीत होती. आम्हाला एकच मुलगी, मृणाल. ती इथल्याच एका शाळेत शिकवायची. घर साधं, तीन खोल्या आणि मागे सयपाकाची खोली. शालूच्या भाच्याने नागपूरला नवीन गेम कन्सोल घेतला तेव्हा जुना मला आणून दिला. त्यात डिस्क फिरायची बंद झाली होती, गेम काही चालत नव्हते. पण मशीन आतून दणकट. मी त्यात दुसरं सॉफ्टवेअर टाकलं, मागे हार्ड डिस्क जोडली आणि माझ्या आयुष्यभराच्या कॅसेटी, रेकॉर्डी, नाटकांच्या तालमी — सगळं त्यात भरलं. प्रत्येक खोलीत स्पीकर नेला. मोबाईलवर बोट ठेवलं की पाहिजे त्या खोलीत पाहिजे ते गाणं. पोरं ज्याच्यावर मारामाऱ्या खेळतात त्या डब्यातून अख्ख्या घरात जुनी गाणी वाजायची. मला त्याचा फार गर्व होता. येईल त्याला मी तो डबा दाखवायचो.

शालूला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण गाणं लागलं की ती सोबत गुणगुणायची. भाजी चिरताना, तांदूळ निवडताना. सुरात नाही, थोडी मागे मागे, शब्द विसरली की नुसतं ऊं ऊं. आणि मला ते सहन व्हायचं नाही. मी माझ्या कानाचा मोठा शहाणा! मी शिव्या कधी दिल्या नाहीत, आवाज चढवला नाही. फक्त हात वर करायचो. नाटकात मिक्सरवर बसलं की आम्ही असाच हात वर करतो, म्हणजे माईक बंद. ती लगेच गप्प व्हायची.

एकदा म्हणाली, "अजी, मी का मोठ्यानं म्हणून राह्यली का?"

मी म्हणालो, "गाणं आयकू दे ना मले. नेहमीचंच काय तुझं."

"बरं जी," म्हणाली. पुढे पुढे तर मला हात वर करायचीही गरज पडेना. मी सयपाकाच्या खोलीत पाय ठेवला की ती थांबायची. अख्ख्या संसारात मी याचा एकदाही विचार केला नाही, आणि आता दुसरा विचारच येत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला कावीळ झाली. ती उतरेना. नागपूरला नेलं तेव्हा कळलं की कावीळ नुसती वरवरची होती, आत पोटात दुसरंच मोठं दुखणं होतं. तीन महिन्यांत गेली. शेवटी शेवटी तिला फार बोलवत नव्हतं. मी तासन् तास पलंगापाशी बसायचो, पण 'एखादं गाणं म्हण' असं काही माझ्या तोंडून निघालं नाही. सुचलंच नाही हो.

तेरवी झाल्यावर बरेच दिवस मी डबा लावला नाही. मग एका सकाळी मृणालच म्हणाली, "बाबा, लावा ना काही. घर खायले उठते." मी सयपाकाच्या खोलीपुरतं गाणं लावलं आणि दुकानात येऊन कामाला लागलो. दहा मिनिटांनी ती दारात उभी. हाताला कणीक तशीच.

"बाबा, हे आईचं रेकॉर्डिंग कधी केलं तुम्ही?"

"कोणतं रेकॉर्डिंग?"

"गाण्याच्या मागं आई गाऊन राह्यली ना."

मी हातातलं सोल्डरिंग तसंच टाकून आत पळालो. गाणं चालू होतं. स्वच्छ. वाद्यं, गाणारी बाई, बस. मी स्पीकरला कान लावला. काही नाही. मी मृणालवर चिडलो. म्हणालो, दुःख मलाही आहे, म्हणून असे भास करून घ्यायचे नसतात. ती बिचारी मान खाली घालून पोळ्या लाटायला लागली.

आठवड्याभराने सलीमभाई आला. हा माझा जुना दोस्त, टीव्ही दुरुस्त करतो, कान माझ्यापेक्षा तयार. मी कामात होतो म्हणून तो आत मृणालकडे चहाला गेला. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला.

"सुधाकर, भाभीचा आवाज कायले लावतो यार? पोरीच्या जिवाले लागते ना."

मी त्याला म्हणालो, चल दाखव. दोघं आत गेलो. त्याने कान दिला, मग माझ्याकडे पाहिलं. "आता नाई," म्हणाला. "पण होता. अल्लाची कसम, होता."

आता माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. मी डबा उघडला, पंखा बदलला, वायरी बदलल्या. मूळ फाइल कॉम्प्युटरवर टाकून तपासली, त्यात एक सेकंदही वावगा नाही. मग मनात आलं की ही ओळखीची गाणी आहेत, दोघांच्या डोक्यात शालू बसली आहे, ती त्यांना ऐकू येते. म्हणून एक गंमत केली... गंमत कसली. वडशाला त्या वर्षीच्या नव्या नाटकाची तालीम चालू होती. त्यातलं एक गाणं मी स्वतः रेकॉर्ड केलं. नवीन चाल, नवीन शब्द, शालू गेल्यानंतर लिहिलेलं. ते डब्यात टाकलं आणि मृणालला न सांगता सयपाकाच्या खोलीत लावलं. मी दुकानात. दुपारी तिला सहज विचारलं.

ती म्हणाली, "हे गाणं आईले येत नाई. नुसती ऊं ऊं करते. दुसऱ्या कडव्याले तं पुरी चुकली अन् हसली."

दुसऱ्या दिवशी सलीमभाईला एकट्याला तिथे बसवलं. मृणाल शाळेत होती. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दुसऱ्या अंतऱ्याले अटकली भाभी. हसली थोडीशी." मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस मी तेच गाणं लावत राहिलो. पंधराव्या दिवशी मृणाल म्हणाली की आता पूर्ण येतं तिला.

सगळ्यांना ऐकू येतं आणि मला येत नाही! ज्याने कानावर संसार केला त्याला! मला आधी राग आला, मग भीती वाटली की माझेच कान गेले. तपासून घेतले, कान चांगले होते. मग शेवटचा उपाय म्हणून मी सयपाकाच्या खोलीत एक माईक ठेवला, त्याची वायर भिंतीतून दुकानात आणली. मृणालला कागद, पेन आणि घड्याळ दिलं. म्हणालो, कधी गाते आणि कधी थांबते, तेवढं लिही. दार बंद. मी इकडे हेडफोन लावायचो, काढायचो, पुन्हा लावायचो, आणि माझ्या कागदावर वेळ लिहायचो. तिला काही दिसत नव्हतं, मी काय करतो ते माहीत नव्हतं.

तासाभराने दोन्ही कागद शेजारी ठेवले. मी हेडफोन लावला ते मिनिट आणि शालू थांबली ते मिनिट एकच. मी काढला की पुन्हा सुरू. सात वेळा.

मृणालने दोन्ही कागद बाजूला सारले. मग म्हणाली, "बाबा, मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमाले वाईट वाटन म्हून नाई सांगितलं."

"काय माहीत होतं?"

"तुमी आले का ती थांबते."

मी तिथेच जमिनीवर बसलो. पोरीसमोर असा कधी रडलो नव्हतो. ती पाठीवरून हात फिरवत होती आणि मला तिची लाज वाटत होती, माझीही.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगायला नको, पण सांगतो. सकाळी मृणाल शाळेत गेली की सयपाकाच्या खोलीत पाट टाकून बसायचो. तिच्या आवडीचं गाणं लावायचो. म्हणायचो, "शालू, म्हण ना वं. मी काहीच नाई म्हणत. चुकलं तं चुकू दे." दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचो. मी स्वतः म्हणून पाहिलं, मुद्दाम बेसूर, म्हणजे तिला बरं वाटेल. माफी मागितली. एक दिवस तर चिडलोही तिच्यावर, की एवढं काय मनात ठेवायचं माणसानं. गाणं मात्र तसंच वाजत राहायचं, स्वच्छ, एकही जादा सूर नाही. मला आयुष्यभर जसं पाहिजे होतं तसं. आता ते मला ऐकवत नाही.

मृणालला विचारलं, ती रागावली आहे का माझ्यावर? मृणाल म्हणाली, "रागावली तं नाई वाटत. आवाज चांगला खुशीत राह्यते." मला वाटतं ते तिने खरं सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं, राग जातो कधीतरी. ही तर सवय आहे, आणि ती मीच लावली.

वैशाखात मृणालचं लग्न झालं, गडचिरोलीला दिली. जाताना म्हणाली, "बाबा, चला माह्यासंग. डबा बी घेऊन चला." मी नाही गेलो. तिथे शालूला करमेल की नाही कोण जाणे.

आता मी एकटाच. सकाळी सातला चहा करतो, डबा लावतो. तिच्या आवडीची गाणी निवडतो, मधूनच एखादं नवीन. सयपाकाच्या खोलीचा आवाज थोडा वाढवतो. मग दाराला कडी घालून बाहेर पडतो. बसस्टँडच्या बाकावर बसतो. जीपवाले "गडचिरोली का, भाऊ?" विचारतात, मी नाही म्हणतो. नऊ वाजले की परत. दार उघडण्याआधी अंगणात उगाच खाकरतो.

बऱ्याच दिवसांत कोणी आत बसून ऐकलेलं नाही, त्यामुळे हे सगळं अजून चालू आहे की मृणालबरोबरच संपलं, तेही मला ठाऊक नव्हतं. कारण विचाराल तर माझ्याकडे नाही. इथे कोणाला माहीत असेल तर सांगावं, पण 'मनाचे खेळ' एवढं सांगू नका, ते माझं आधीच तपासून झालंय.

मागच्या सोमवारी शेजारच्या घरी नवीन भाडेकरू आले. त्या बाईने आम्हाला कधी पाहिलेलं नाही. काल मी नऊला परत आलो तर त्या कुंपणापाशी कपडे वाळत घालत होत्या.

"भाऊ, तुमच्या घरी सकाळी कोण गाते जी?"

मी घराच्या कडीकडे पाहिलं. मग म्हणालो, "माही बायको."

"बाहेर दिसत नाई कधी. गोड म्हणते पण. या ना एकदा दोघं मिळून चहाले, मलेबी समोर आयकता येईल."

मी म्हणालो, "मी असलो का नाई म्हणत ती."