डाव्या हाताचा सराव

चष्मा कपाळावर सरकवायचा, वस्तू नाकाशी धरायची आणि म्हणायचं, "आणा इकडं, बघू तरी."

आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाई तुम्ही पाहिल्या असत्या, तर तुम्हालाही त्या अशाच आठवल्या असत्या. लांबचं बघायला त्यांना जाड भिंगं लागत, जवळचं मात्र उघड्या डोळ्यांनी लख्ख दिसे. आणि बघण्यासारखं काय, याला काही धरबंध नव्हता. शिपाईमामांच्या अंगठ्यात शिरलेलं कुसळ, स्टोव्हची वाकलेली पिन, खिडकीत मरून पडलेला भुंगा. एकदा त्यांनी मुख्याध्यापिकांची नवी कवळी बघायला मागितली. शिक्षकखोलीत आम्ही सगळ्या माना खाली घालून बसलो. नवल म्हणजे मुख्याध्यापिकांनी ती काढून दाखवली, आणि नंतर बराच वेळ दोघी त्या विषयावर अगदी गंभीरपणे बोलत बसल्या.

बाई मूळच्या शिरोळकडच्या, जैन शेतकरी घरातल्या. कोल्हापुरात शाहूपुरीत दोन खोल्या घेऊन आईबरोबर राहत. आईला अव्वा म्हणत, म्हणून आम्हीही अव्वाच म्हणायचो. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर त्यांनी खरं उत्तर दिलं असतं, याचीच आम्हाला भीती वाटे.

शास्त्र शिकवायच्या, पण बेडूक त्यांनी कधी कापला नाही. त्या तासाला त्या मुलींना जास्वंदीची फुलं आणायला लावत आणि ब्लेडनं उभा छेद घेऊन दाखवत. "जीव घेऊन शिकवायचं झालं तर मला शिकवता येत नाही," एवढंच म्हणायच्या. तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच सांगितलं, आणि वर हातात एक जास्वंद दिली.

मी तेव्हा मराठी शिकवायला नवी लागले होते. बाई माझ्याहून बऱ्याच मोठ्या, पण का कोण जाणे, डबा खायला मलाच हाक मारायच्या. एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मला एक गाठ सापडलीय," त्या म्हणाल्या. तळ्यात एखादा शंख सापडावा, तसा सूर. "इथं, उजवीकडं. छातीत."

मी जवळचं स्टूल ओढून बसले.

"डॉक्टरांना दाखवून आलो. ती काढायची आणि मिरजेला तपासायला धाडायची. भूल तेवढ्या जागेपुरती. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. पण सोबत कुणीतरी पाहिजे म्हणतात. तू येशील?"

आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. शाळेत बाई नीट पुस्तकी बोलायच्या. 'आलो' म्हणाल्या तेव्हा मला कळलं, आतून हलल्या आहेत.

मी येते म्हणाले. मग त्यांची तयारी सुरू झाली, आणि अशी तयारी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

पहिल्यांदा त्या मला घेऊन हॉस्पिटल बघायला गेल्या. एका सर्जनांचं राजारामपुरीतलं ते छोटं हॉस्पिटल होतं. तिथल्या सिस्टर हाडानं मजबूत आणि आवाजानं त्याहून. बाईंनी त्यांना विचारलं, टेबल कुठं असतं, दिवा कसा खाली येतो, हत्यारं कशात उकळता, टाक्याचा दोरा कसला.

"बाई," सिस्टर म्हणाल्या, "लोकं हितनं पळून जात्यात. तुम्ही आधीच येऊन बसलाय की."

"मग दाखवताय न्हवं?"

सिस्टरांनी दाखवलं. बाईंनी कपाळावर चष्मा चढवला आणि दोरा निरखून पाहिला. सकाळी पोटात काही नको, असं सिस्टर बजावू लागल्या, तेव्हा बाई हसल्या. "सूर्य मावळला की आम्ही तसंही खात न्हाय. उपासाचं तुम्ही आम्हाला सांगू नका."

मग शिंप्याकडं जाऊन पुढून बटणांचा, सैल बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला. आणि त्याच आठवड्यात त्या फळ्यावर डाव्या हातानं लिहायला लागल्या. मुलींना वाटलं काहीतरी गंमत आहे. 'परागीभवन' हा शब्द फळ्यावरून उतरणीला लागल्यासारखा खाली घसरत गेला, तेव्हा वर्ग खिदळला. बाईही हसल्या, पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

"चार दिवस हात उचलायचा नाही, एवढंच ना?" मी नंतर विचारलं. "त्यासाठी एवढं?"

"चार दिवसांसाठी न्हाय गं." त्या खडूची धूळ झटकत होत्या. "गाठ खराब निघाली तर पुढं मोठं ऑपरेशन. मग हा हात पहिल्यासारखा चालेलच असं न्हाय म्हणाले. शिकवायला हात लागतो की."

अव्वाला काय सांगायचं, हा प्रश्न होता. बाई खोटं बोलत नसत. शेवटी त्यांनी अव्वाला एवढंच सांगितलं की डॉक्टरांकडं जातोय, संध्याकाळी येतो. पुढचं अव्वानं विचारलं नाही.

त्या सकाळी मी रिक्षा घेऊन गेले. बाई आत पिशवी भरत होत्या. अव्वा उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी मला खुणेनं खाली वाकायला लावलं आणि कानाशी म्हणाल्या, "मला ठावं हाय. तिला सांगू नगंस."

"काय ठाऊक आहे, अव्वा?"

"डाव्या हातानं लिवाय शिकतीया. डाव्या हातानं केस विंचरतीया. मी काय आंधळी हाय व्हय?" त्यांनी माझं मनगट धरलं. "आता जावा. तिला भूक सोसत न्हाय, बाहीर आली की काहीतरी दे."

रिक्षात बाई म्हणाल्या, "बरं झालं, अव्वाला कळलं न्हाय. उगाच जिवाला घोर." मी रस्त्याकडं बघत राहिले.

हॉस्पिटलात सिस्टरांनी बाईंच्या हातातल्या बांगड्या काढून माझ्याकडं दिल्या आणि मला बाहेर बाकावर बसवलं. दार जाड नव्हतं. बाईंचा आवाज ऐकू येत होता. सुई किती आत जाते, बधिर व्हायला किती वेळ, दाब कळतो मग दुखणं का कळत नाही. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. उत्तरं देत होते. एकदा म्हणाले, "बाई, आता जरा पंख्याकडं बघा. मलाही अभ्यास करू द्या."

बाई काहीतरी बोलल्या, सिस्टर हसल्या. आणि मग बाईंचा आवाज बंद झाला.

मी वाट बघत राहिले, की आता एखादा प्रश्न येईल. आला नाही. हत्यारं ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज तेवढा येत होता. मांडीवरच्या बांगड्या मी इतक्या घट्ट धरल्या होत्या की तळहातावर त्यांचे वळ उठले.

त्यांना बाहेरच्या खाटेवर आणून निजवलं, तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. पाठोपाठ डॉक्टर आले. हातात काचेची लहान बाटली.

"बाई, तुम्हाला बघायची होती ना?"

बाईंनी मान भिंतीकडं वळवली. मग डाव्या हातानं माझा पदर धरला.

"तू बघ," त्या म्हणाल्या. "माझ्यानं होत न्हाय. तू बघून मला सांग."

आता मी अशी, की घरात कुणाचं बोट कापलं तरी मला घेरी येते. पण मी ती बाटली हातात घेतली आणि खिडकीशी नेली.

"भिजवलेल्या पावट्यासारखी आहे," मी म्हणाले. "त्याहून थोडी मोठी."

"रंग?"

"पांढरट. कडेला पिवळी झाक."

"कड कशी हाय? गुळगुळीत की खडबडीत? नीट बघ, घाई करू नको."

मी नीट बघितलं. आयुष्यात कुठलीच वस्तू मी तोवर इतकी नीट बघितली नव्हती. "गुळगुळीत. सोललेली असावी तशी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "चांगलं सांगितलंस. मला दिसली."

सिस्टरांनी चहा आणून दिला. बाईंनी तो बशीत ओतून डाव्या हातानं न सांडता प्यायला.

मिरजेहून उत्तर यायला वेळ लागला. त्या दिवसांत बाई शाळेत आल्या, फळ्यावर वाकडं लिहीत राहिल्या, पण कुणाची कसलीही वस्तू त्यांनी बघायला मागितली नाही. शिपाईमामांनी सुगरणीचं घरटं आणून टेबलावर ठेवलं, ते तसंच पडून राहिलं. मग एका दुपारी डॉक्टरांचा निरोप आला. गाठ साधी होती. भिण्यासारखं काही नव्हतं.

बाई निरोप ऐकून खुर्चीवर बसल्या. मग टेबलावरचं घरटं ओढून घेतलं आणि चष्मा वर सरकवला.

संध्याकाळी त्या मला घरी घेऊन गेल्या. अव्वाला आता सगळं सांगायचं होतं. त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, दोऱ्यापासून पंख्यापर्यंत. अव्वा मध्ये मध्ये "व्हय?" म्हणत होत्या, "आगं माझे बाई" म्हणत होत्या, अगदी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. ऐकून झालं तशा उठल्या, आत गेल्या, आणि तांब्याभर पाणी तोंडावर मारल्याचा आवाज आला.

पुढं बरीच वर्षं बाई शिकवत होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाहूपुरीतल्या खोल्या सोडल्या आणि अव्वाला घेऊन गावी, भावाकडं गेल्या. अव्वा तेव्हा फार थकल्या होत्या. मी एसटी स्टँडवर निरोप द्यायला गेले. गर्दी होती. मी खिडकीशी पोचले तोवर अव्वा बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. बाई ताठ बसल्या होत्या.

"पोचल्यावर पत्र टाका," मी म्हणाले.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. गाडी हलली. मी हात हलवला. बाईंनी फक्त डोळ्यांनी उत्तर दिलं, आणि गाडी वळेपर्यंत तो खांदा तसाच स्थिर धरून ठेवला.

त्यानंतर आमची भेट झाली नाही.