पोर इथे, नाव तिथे

आधीच सांगून टाकते, मला ऑफिसची भीती वाटते. कुठलंही ऑफिस. टेबलामागे माणूस बसलेला दिसला की माझा घसा कोरडा पडतो आणि घरून पाठ करून आणलेलं सगळं उडून जातं. म्हणून परळची खोली सोडून आम्ही मीरा रोडला शांती नगरमध्ये भाड्याने आलो तेव्हा गॅस, पाणी, सामान लावणं, सगळं मी एकटीने केलं, पण पोरीच्या शाळेचं पुढे ढकलत राहिले. ती सहाची झालेली, पहिलीत घालायची होती. परळला बालवाडीत सासूबाई सोडायच्या. इथे सासूबाई नाहीत, ओळखीचं कुत्रं नाही, आणि आमचे हे सकाळी सातला जातात ते रात्री नऊला उगवतात. मला म्हणाले, "तूच बघ ना कुठली ती. इंग्लिश मीडियम पायजे फक्त."

मी बघितली. म्हणजे काय बघितली, बाजूच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर होती. चार गाळे एकत्र केलेले, बाहेर भिंतीवर पोपट आणि आंबे रंगवलेले, आत छोट्या छोट्या खुर्च्या. समोरच्या दारात एक गुजराती भाभी राहतात, त्यांची मुलगी तिथेच चौथीला. त्या म्हणाल्या, "आँख बंद करके डाल दो भाभी. रास्ता भी क्रॉस नहीं करना पड़ता. डब्बा भूल गई तो ऊपर से आवाज दो, बस." मला रस्ता क्रॉस करायचा नाही एवढंच ऐकू आलं. इथल्या रिक्षा बघितल्यात ना?

शाळेतल्या मॅडम गोड बोलल्या. फॉर्म इंग्लिशमध्ये, तो त्यांनीच भरला, मी सांगत गेले. पोरीचा जन्मदाखला ओरिजनल मागितला, मी दिला. "झालं," म्हणाल्या, "आता तुम्ही बिनधास्त." मी घरी येऊन शिरा केला.

मग पंधरा दिवसांनी समोरच्या भाभी हातात कागद घेऊन आल्या. त्यांच्या मुलीची चौथी संपली होती, ही शाळा चौथीपर्यंतच, आता पाचवीला दुसरीकडे घालायची, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला मिळाला होता. तो छापलेला मराठीत. त्या म्हणाल्या, "तुम तो मराठी हो, जरा पढ़ो ने, इसका नाम बराबर लिखा है क्या."

मी आठवी शिकलेय. मला पटपट वाचता येत नाही, मी बोट ठेवून वाचते, वरून खाली, एक अक्षर सोडत नाही, कारण सोडलं तर परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. शिकलेली माणसं नाव बघतात, शिक्का बघतात, घडी घालतात. मी शाळेच्या नावापासूनच सुरुवात केली, आणि तिथेच अडकले. नाव वेगळंच. मला वाटलं मीच चुकले. परत वाचलं. खाली गावाचं नाव, ते आपल्या भाईंदरचं नाहीच, तालुकासुद्धा दुसरा.

"भाभी, ये आपके स्कूल का नहीं है."

"अरे मैडम ने खुद दिया हाथ में."

पुढे वाचलं. मुलीचं नाव बरोबर, आईचं नाव बरोबर. पहिलीपासून चौथीपर्यंत त्या तिकडच्या शाळेत. प्रगती समाधानकारक. वर्तणूक चांगली! जी पोर त्या गावाला कधी गेली नाही, जिने ती शाळा कधी डोळ्यांनी बघितली नाही, तिची तिथली वर्तणूक चांगली. कोणी बघितली हो वर्तणूक?

भाभी म्हणाल्या, "होगा कोई हेड ऑफिस उनका. तुम टेंशन बहुत लेती हो." आणि कागद घडी घालून घेऊन गेल्या.

टेंशन का घेऊ नको? मी आठवी पास झाले तेव्हा बाबा रत्नागिरीकडचं गाव सोडून मुंबईला आले, दाखला नंतर आणू म्हणाले. नंतर नंतर करता नववी निघून गेली, दहावी निघून गेली, मी दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला लागले. एका कागदामुळे. आणि इथे माझ्या पोरीचा जन्मदाखला मी माझ्या हाताने देऊन आले होते, कशात? चार गाळ्यांत! ती बसणार इथे आणि तिचं नाव बसणार दुसरीकडे. उद्या त्या तिकडच्यांनी सांगितलं की ही आमची नाहीच, तर माझी पोर कुठली?

दुपारीच ह्यांना फोन केला. हे म्हणाले, "तू वाचलंस? नीट वाचलंस?"

"हो."

"दोनदा वाचलंस?"

"चारदा वाचलं!" मी ओरडलेच. "तुम्ही या आणि तुम्ही वाचा!"

"बरं बरं. पण भांडू नको. आपण नवीन आहोत तिथे."

नवीन आहोत म्हणून काय फसायचं?

दुसऱ्या दिवशी गेले. पोरीला हाताला धरून गेले, कारण एकटीने पाय उचलत नव्हता. मॅडमसमोर बसले आणि पाठ करून आणलेलं सगळं उडालं. कसंबसं विचारलं, माझ्या मुलीचं नाव कुठल्या शाळेत लागणार?

त्यांनी आधी मोबाईल बघितला, मग मला बघितलं. "आमची परवानगी यायचीय. फाइल पुढे गेलीय. तोपर्यंत मुलांची नावं आमच्या ओळखीच्या शाळेच्या पटावर असतात. सगळीकडे असंच चालतं."

"तुम्ही तेव्हा सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही."

"मला काय माहीत असं विचारायचं असतं? भाजी घेताना विचारते का मी, ही भाजीच आहे ना?"

बाजूच्या टीचर हसल्या. मॅडम नाही हसल्या. त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं शिक्षण किती झालंय, आई?"

मला माहीत होतं हे येणार. फॉर्मवर त्यांनीच लिहिलं होतं, त्यांना चांगलं ठाऊक होतं. पोरगी माझ्याकडे बघत होती.

"आठवी," मी म्हटलं. "पण माझं नाव ज्या शाळेत होतं ना, त्याच शाळेत मी बसत होते."

त्यांनी परत मोबाईल उचलला. मी म्हटलं, जन्मदाखला द्या. त्या म्हणाल्या, फाइल कपाटात आहे, चावी सरांकडे, सोमवारी या. मी म्हटलं, मी बसते. सर येईपर्यंत बसते. आणि बसले. पोरगी छोट्या खुर्चीवर, मी मोठ्या. फॉर्म घ्यायला दोन आया आल्या, त्यांनी विचारलं, "तुमचं पण ॲडमिशन का?" मी म्हटलं, "नाही, काढून घेतेय." "का हो?" मी तोंड उघडलं मात्र, आणि कपाटाची चावी मॅडमच्या स्वतःच्या पर्समध्येच सापडली.

जन्मदाखला छातीशी धरून बाहेर आले. पोरगी म्हणाली, "मला पोपटाची शाळा पायजे होती." रडली पण. मी तिला काय सांगू?

पुढचे दिवस विचारू नका. दोन शाळांत वॉचमननेच परत पाठवलं, फुल झालंय. शेवटी भाईंदरला एक जुनी मराठी शाळा, पहिलीपासून सेमी इंग्लिश. हे नाराज होते, मराठीत घालायची होती तर परळ काय वाईट होतं म्हणाले. मी ऐकलं नाही. तिथल्या क्लार्कला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही दाखला कोणाच्या नावाने देता?"

"म्हणजे?"

"म्हणजे वर कुठल्या शाळेचं नाव असतं?"

"आमचंच असतं बाई, आणखी कोणाचं असणार?"

"दाखवा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग कोरा दाखला काढला, माझ्यापुढे आपटला, आणि मी बोट ठेवून वाचायला लागले. मागे लाइन लागली. "ओ ताई, घरी जाऊन वाचा ना," कोणीतरी बोललं. मी वर बघितलं नाही. पूर्ण वाचून मगच फॉर्म घेतला.

शाळा सुरू झाली त्या दिवशी सगळ्या आया गेटवरून परत गेल्या. मी नाही गेले. मी वर्गाच्या खिडकीशी उभी, शिपाई मावशी दोनदा हाकलून गेल्या. बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव, एकेक "हजर". माझ्या पोरीचं नाव आलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि ही गधडी खिडकीतून माझ्याकडे बघत गप्प! बाईंनी परत नाव घेतलं. ती गप्पच.

"हजर!" मीच ओरडले.

अख्खा वर्ग हसला. बाई खिडकीशी आल्या. "आई, तुमची हजेरी नकोय आम्हाला. तिला बोलू द्या." मग पोरगी उभी राहिली आणि बोलली, बारीक आवाजात. बाईंनी खूण केली. ती खूण मी बघितली तेव्हा तिथून हलले.

समोरच्या भाभींच्या मुलीला पाचवीला ॲडमिशन मिळालं, त्याच कागदावर. कोणी एक शब्द विचारला नाही. भाभी म्हणाल्या, "देखा? कुछ हुआ? फालतू में डर गई तुम." त्या खूश आहेत. मला अजून जास्त राग येतो, कोणी विचारलं कसं नाही म्हणून.

आता रोज सकाळी पोरीला रिक्षाने भाईंदरला सोडून येते आणि घरी पोचते तेव्हा खाली त्या चार गाळ्यांत प्रार्थना चालू असते. चाळीस-पन्नास पोरं, गोड म्हणतात. यांची नावं तिकडे दुसऱ्या तालुक्यात पटावर आहेत. तिकडेही आत्ता हजेरी चालू असेल. यांची नावं घेत असतील. मग "हजर" कोण म्हणतं तिथे?