गाडीपुढचे पेडणेकर मेस्त्री

दुरुस्त झालेल्या बसला पहिल्यांदा गियर टाकायचा असला की पेडणेकर मेस्त्री तिच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहायचे, एक तळहात काचेखालच्या पत्र्यावर टेकवून. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजात नवीन आलेला माणूस ते बघून हादरायचा. मी तर दोन वर्षं काम करूनही हादरत होतो.

आमच्याकडे ऑटोमॅटिक गियरबॉक्सच्या मोठ्या बस यायच्या. त्यात करंगळीएवढा एक व्हॉल्व असतो. तो मागेपुढे सरकत क्लचकडे जाणाऱ्या तेलाचा दाब हळूहळू वाढवतो. तो अडकला तर सगळा दाब एकदम येतो आणि बस उसळी मारते. "गाडीनं हिसका दिला तर आत उभी असलेली म्हातारी पयली पडते, कळलं?" मेस्त्री म्हणायचे. धुतलेला व्हॉल्व ते फक्त कंप्रेसरच्या हवेनं वाळवायचे. कुणाच्या हातात फडकं दिसलं की कळव्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचे, "अरे, व्हॉल्व अडकायला एक दोरा पुरतो रे!"

एका दुपारी कंप्रेसर बंद पडला होता आणि ड्रायव्हर डोक्यावर उभा होता. मी लाल फडक्यानं व्हॉल्व पुसला, बसवला, गियरबॉक्स बंद केला. कुणी पाहिलं नव्हतं. मेस्त्री नेहमीसारखे पुढे जाऊन उभे राहिले.

"चढ वर. ब्रेक दाबून ठेव आणि टाक गियर."

मेस्त्रींच्या मागे चार हातांवर भिंत होती. काचेतून त्यांचं टक्कल दिसत होतं. एवढ्याशा पुसण्यानं काय होतंय, असं मी स्वतःला सांगत होतो, पण नजर पुन्हा पुन्हा त्या भिंतीकडे जात होती. तोंड उघडायची हिंमत होईना. हात गियरकडे गेला, तेवढ्यात मेस्त्रींनी आपला तळहात काढून घेतला.

"इंजिन बंद कर. उतर खाली. काय केलंस?"

"फडकं लावलं, मेस्त्री."

ते ओरडले नाहीत. त्याचीच मला जास्त लाज वाटली. दोघांनी मिळून सगळं पुन्हा खोललं. व्हॉल्वच्या कडेला नखाएवढा लाल दोरा चिकटला होता.

"तुम्हाला कळलं कसं?"

"व्हॉल्व काय भायरून दिसतो? तुझं तोंड दिसतं ना. उगाच उभा राहतो काय मी पुढे?"

मेस्त्री गेल्या वर्षी वारले. आता गाडीपुढे मी उभा राहतो आणि भीती काही जात नाही. परवा वर बसलेल्या पोराचं तोंड उतरलेलं दिसलं, मी हात काढून घेतला. तो बिचारा घरच्या आजारपणाच्या काळजीत होता. तरी आम्ही गियरबॉक्स खोललाच.