साडूची भाकर

परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मी मुनीम होतो, तेव्हाचा हा हमाल. पोतं उचलण्याआधी बैलाच्या पाठीवर मारावी तशी तो त्यावर थाप मारायचा. युनियन नव्हती तेव्हा आडते त्याला ‘ए’ म्हणून हाक मारत. नंतर तेच ‘भाऊ’ म्हणू लागले. विद्यापीठाच्या नामांतरावरून बाहेर गावं दुभंगली होती, पण युनियनच्या माठातलं पाणी सगळे हमाल एकाच पेल्यानं प्यायचे. माठाकडं बोट दाखवून तो म्हणायचा, “मुनीमजी, युनियन म्हंजे हे.”

एक नियम मात्र फार कडक होता. युनियनचा बिल्ला नसलेल्यानं पोत्याला हात लावायचा नाही. पूर्वी हमाल अडून बसले की आडते बाहेरची माणसं आणायचे, म्हणून तो केलेला.

एका कोरड्या उन्हाळ्यात पिंगळीहून त्याचा साडू काम शोधत आला आणि त्यानं पोतं पाठीवर घेतलंसुद्धा. यानं धावत जाऊन ते धरलं.

“पावनं, तुमाला बिल्ला न्हाई. ठिवा खाली.”

“मग द्या की मिळवून.”

“नवे बिल्ले बंद हायेत.”

दुपारी यानं भाकर मोडून मोठा तुकडा साडूपुढं ठेवला. साडू तो तसाच ठेवून उठून गेला.

संध्याकाळी मी चिडूनच विचारलं, “एका माणसानं काय बिघडलं असतं?”

“लय बिघडलं असतं. ह्या नियमासाठी पैला हात म्याच वर केला. उद्याबी करीन.”

तो तुकडा फडक्यात तसाच बांधलेला होता. गाठ चाचपत तो म्हणाला, “पर मुनीमजी, भाकर तरी खायला पायजे होती त्यानं.”