सिमेंट चाखलेला लालसिंग

किन्हीराजात मास्तर म्हणून रुजू झालो त्या दिवशी शाळेच्या आवारात एक पांढरंफटक भूत उभं होतं. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. मी ट्रंक टाकून थेट वेशीपर्यंत पळालो. चोपन्न साली अख्ख्या वऱ्हाडात त्या वेगानं दुसरं कुणी पळालं नसेल. मागून भूत ओरडत आलं, "मास्तर, तुमची पेटी!"

तो लालसिंग गवंडी. चुन्यातला बादशहा. बैलाच्या घाण्यात मळलेला चुना चिमूटभर जिभेवर ठेवायचा आणि म्हणायचा, "अजून एक दिवस मुरू द्या." त्याची जीभ कधी चुकली नाही.

त्या उन्हाळ्यात शाळेची नवी खोली निघाली, ती सिमेंटची. गावात सिमेंट कुणी पाहिलं नव्हतं, पण ते कुणी शोधलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. अकोल्याला जाऊन आलेला लखमा छातीठोक सांगे, "एका गोऱ्या सायबानं काढलं. चाखून पाह्यलं, वरून पानी पेला, अन् उभ्या जागी जमला. शयरात सायबाचे पुतळे हायेत ना, ते कोनं घडवले नाहीत!"

पहिली गोणी फुटली. कालवलेल्या सिमेंटात लालसिंगनं बोट बुडवलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं जिभेवर ठेवलं.

मग त्याचे डोळेच पांढरे झाले.

"मास्तर, गेलो मी."

थू थू करून तो निंबाखाली बसला. घडीघडी बोटं मुडपून पाही. "गुडघा वाकते का पाहा ना मास्तर. आतून जमून राह्यलो मी."

त्याची बायको हिरीबाई लोटा घेऊन धावत आली. "पानी प्या."

"नको! पान्यानंच घट्ट होते ते! मंग माह्या पुतळ्याले हार कोन घालन?"

"मी नाही घालत. लग्नात घातला तेवढा पुरे."

बोलली खरी, पण लोटा तिनं खाली ठेवला. आणि मी, पोरांना विज्ञान शिकवणारा, मीही तो लोटा हळूच जरा लांब सरकवला.

दुपारी तहानेनं तो आडवा झाला. हिरीबाईनं त्याचे दात उघडून पाणी ओतलं. आम्ही सगळे बघत राहिलो. लालसिंगनं एक पाय हलवला, मग दुसरा, आणि हमसून रडला.

तोवर बांधकामावर देखरेख करणाऱ्या सरकारी ओव्हरसियरनं काम रिसोडच्या गवंड्याला देऊन टाकलं होतं. पुढं गावात सगळी बांधकामं सिमेंटचीच झाली. लालसिंगनं शेळ्या राखल्या.