चाकणजवळची कमान

आमच्या गावाशेजारी एमआयडीसी येणार आहे. जमिनीच्या बदल्यात गावासाठी काय मागायचं, ते ग्रामसभेत ठरायचं होतं. "गुरुजी, आधी चाकण बघून या," सरपंच म्हणाले. निघताना पुतणी रेखा म्हणाली, "काका, आयटीआय मागा म्हणावं." दहावीनंतर तिला तालुक्याला पाठवायला माझा भाऊ तयार नाही. गावात आयटीआय झालं, तरच ती शिकणार.

लातूरच्या एसटीनं सकाळी पिंपरीच्या वल्लभनगर स्थानकावर उतरवलं. तिथून चाकणची बस धरली. भोसरी, मोशी मागे पडली तसा मी लहान पोरासारखा खिडकीला चिकटलो. नव्या गाड्या लादलेले ट्रेलर, कंपन्यांची न संपणारी कुंपणं! आपल्या देशानं हे उभं केलं, याचा खरंच अभिमान वाटला. मग चाकणच्या चौकात बस जागची हलेना आणि अभिमानाला घाम फुटला.

पुढच्या एका गावात ओळखीनं दत्तोबांकडे उतरलो. त्यांच्या शेतावर आता कारखाना आहे. गावाच्या तोंडाशी दगडी कमान, वर दोन सिंह. मी कौतुक केलं.

"व्हय. कंपनीनं इचारलं, गावाला काय बांधून देऊ? आमी कमान मागितली. शेजारच्या गावानं आयटीआय मागितलं, तवा हसलो त्यांना."

जेवायला मासवडी (सारण भरलेली बेसनाची वडी, मासा फक्त नावात) होती. वाढत होती त्यांची मुलगी मनीषा. बारावी झालेली, कंपनीत पॅकिंगला. सध्या 'ब्रेक'वर (कायम करावं लागू नये म्हणून कंत्राटी कामगाराला मध्येच घरी बसवतात, तो).

"परत बोलावतील ना?"

"बोलावतील, पण पॅकिंगलाच. मशीनवर शेजारच्या गावच्या पोरी घेत्यात. त्या शिकल्यात."

दत्तोबांचा हात ताटातच थांबला. "जमीन गेली, त्याचं न्हाई वाटत गुरुजी. मागायची येळ एकदाच आली, आन् आमी दगूड मागितला."

मला फार वाईट वाटलं. कारखाना आला की माणसं आपोआप पुढे जातील, असं सगळा देशच धरून चालला होता. माणसं तयार करण्याचं काम मात्र राहून गेलं.

परतल्यावर ग्रामसभेत सगळं सांगितलं. लोकांनी मन लावून ऐकलं, मासवडीला हसलेही. मग एक वडीलधारे उठले. "गुरुजींचं खरं हाय. कमान नकोच. आपण देवळापुढं सभामंडप मागू." भराभर हात वर झाले. त्यात माझ्या भावाचाही होता.

घरी आलो, तर रेखा दारातच उभी होती. "ठरलं का, काका?"

"ठरलं," एवढंच तोंडातून निघालं, आणि ती आईला सांगायला आनंदानं आत पळालीसुद्धा.